माळ्यावरचं ते पितळ घासू नका

ज्या घरांत एके काळी शिकार चालायची, त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत एक अवजार सापडू शकतं. टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, पितळी नळी, गरगर फिरवायची मूठ. सुनेला ते शेवयांचं यंत्र वाटतं, मुलाला काहीच वाटत नाही, आणि ते मोडीच्या भावात जातं. कृपा करून देऊ नका. ते काडतुसाचं तोंड वळायचं यंत्र आहे.

कागदी नळीचं काडतूस उडवलं की लगेच फेकून देत नसत. जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू नि छर्रे मापून भरायचे, मधे नमद्याची चकती, वर पुठ्ठ्याची. मग यंत्रात धरून मूठ फिरवली की कागदाची कड आत वळून चकतीवर घट्ट बसे. सोबतचं छोटं पितळी माप हे त्याच संचातलं. दारूसाठी ड्रॅमच्या खुणा, छर्‍यांसाठी औंसाच्या.

आधी शिक्का शोधा. बाजूने उजेड पाडून भिंगाखाली बघा. शेफिल्डचे जेम्स डिक्सन अँड सन्स किंवा जी. अँड जे. डब्ल्यू. हॉक्सली ही नावं दिसली तर जपून ठेवा. शेजारचा आकडा बोअरचा. एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या व्यासाची नळी म्हणजे 12 बोअर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. 12 ची अवजारं उदंड, त्यामुळे भाव बेताचा. 4 किंवा 8 बोअरचं दिसलं तर संग्राहक कान टवकारतो.

आणि पितांबरी लांब ठेवा! पितळेवरचा काळपट थर हीच वयाची खूण. घासून अक्षरं पुसट झाली की निम्मी किंमत तुम्हीच धुऊन टाकलीत, असं माझं स्पष्ट मत आहे. संच फोडून मापं एकाला, यंत्र दुसर्‍याला असंही विकू नका. मूळ पेटी असेल तर ती फाटकीही ठेवा. भाव ठरवताना विक्रेते मागतात ते आकडे सोडा, लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते पाहा.

मात्र घाई नको. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रंही येतात. विकण्याआधी, खरं तर सापडल्यावरच, शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारा. शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशातल्या भाच्याकडे परस्पर पाठवू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्याचा अडसर येऊ शकतो.

त्याच ट्रंकेत टोप्यांची डबी, दारूचा डबा किंवा भरलेली काडतुसं निघाली तर उघडून, हलवून बघू नका. मुलांना खोलीबाहेर काढा आणि पोलीस ठाण्याला फोन करा.