पिल्लांना शंभर, आईला शून्य?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये मांजरीची पिल्लं सापडली की ग्रुपवर फोटो पडतो, मागोमाग क्यूआर कोड येतो आणि तासाभरात दूध-औषधांचे पैसे जमतात. भारीच! पण पिल्लांच्या आईच्या नसबंदीसाठी पैसे मागा, ग्रुपवर एकदम शांतता.

मांजर साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोनेक महिन्यांत पिल्लं देते. म्हणजे आज वाचवलेली पिल्लं मोठी होईपर्यंत त्याच पार्किंगमध्ये नवी पिल्लं हजर. पुन्हा फोटो, पुन्हा वर्गणी. यातली सगळीच जगतात असंही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जमलेल्या पैशांतले निम्मे नसबंदीसाठी बाजूला ठेवा. डॉक्टरांना सांगितलं तर ते भूल असतानाच कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा पकडली जात नाही. आणि बिलासकट हिशेब ग्रुपवर टाका. विश्वास टिकला, तरच लोक पुढच्या वेळी खिशात हात घालतील.

कान कापलेल्या मांजरीच्या फोटोला लाइक्स कमीच येतील. येऊ देत. पुढच्या पावसाळ्यात गाड्यांखाली भिजणारी पिल्लं दिसू नयेत, यासाठी माझे शंभर रुपये आधी तिच्या नावावर.