ड्रायव्हर सीडी : १ नग

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि आपल्या काउंटरांवर जुन्या मशिनींची रांग लागली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे, इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा हवा. सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट आय-फाइव्ह भंगारात घालायला गिऱ्हाईक राजी नाही, आणि का असावे? मग एसएसडी लावली, लिनक्स मिंट टाकले, मशीन पळू लागले, आपले पैसेही सुटले. आणि चौथ्या दिवशी फोन आला : "अहो, मुलगा आम्हाला दिसतोय, पण आम्ही त्याला दिसत नाही."

आमच्या टेबलावर येणाऱ्या पत्रांत हे वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार येऊ लागले आहे. पत्राच्या शेवटी बहुतेकांनी निकालही देऊन टाकलेला असतो : लिनक्सवर वेबकॅम चालत नाहीत. हा निकाल आम्हाला मान्य नाही.

यूव्हीसी, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास या मानकाच्या, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६.२६ या कर्नलपासून कर्नलच्या पोटातच आहे. त्याआधीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवत असेल, प्रत्येक चिपला वेगळे औषध होते. फ्रान्समधल्या एका डॉक्टरने, म्हणजे खरोखर रोगी तपासणाऱ्या डॉक्टरने, जवळजवळ एकहाती दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांसाठी ड्रायव्हर लिहिला होता. आपण तो कंपाइल करत बसायचो आणि स्काइप चालू करताना त्याच्या पुढे एलडी-प्रीलोडची ओळ जोडायचो. ती ओळ काही सभासदांच्या वहीत अजून आहे. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले, ती ओळ ज्या व्ही४एलच्या पहिल्या आवृत्तीसाठी होती ती २०११ मध्येच कर्नलमधून काढली. ते पान आता फाडून टाका.

तर मग अडते कुठे? बऱ्याच वेळा अडते ते खरेदीच्या कागदावर.

विदर्भातल्या एका सभासदाचे पत्र आमच्यापुढे आहे. एका सरकारी कार्यालयाला व्हिडिओ बैठकांसाठी वेबकॅम हवे होते. कार्यालयातली मशिने लिनक्सवर चालतात. मागणीपत्रात लिहिले होते : फुल एचडी, प्लग अँड प्ले, सोबत ड्रायव्हर सीडी. आता प्लग अँड प्ले आणि ड्रायव्हर सीडी या दोन अटी एका ओळीत कशा नांदतात हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या सभासदाने सरळ यूव्हीसी कॅमेरे दिले. भांडारपालाने खोकी उघडली, नग मोजले, केबलची लांबी पाहिली आणि माल बाजूला ठेवला. शेरा : सीडी नाही. कॅमेरा लावून दाखवतो म्हटले तर "ते आमच्या यादीत नाही" असे उत्तर मिळाले. त्या मशिनींपैकी एकालाही सीडी ड्राइव्ह नाही, हे सभासदाने लेखी कळवले. त्यावर लेखी उत्तर आले की ड्राइव्हची खरेदी हा स्वतंत्र विषय असून या पुरवठ्याशी त्याचा संबंध नाही.

शेवटी काय झाले? सभासदाने बाजारातून कोऱ्या सीड्या आणल्या. हल्ली त्याही शोधाव्या लागतात. मॅन्युअलची पीडीएफ त्यांत भरली, वर लेबल चिकटवले, खोक्यागणिक एक घातली. दुसऱ्या दिवशी पावतीवर सही झाली : वेबकॅम १ नग, केबल १ नग, ड्रायव्हर सीडी १ नग. कॅमेरा चालतो की नाही हे आजतागायत कोणी विचारलेले नाही. बिल मात्र निघाले.

या प्रकाराला हसून सोडून देता येईल. पण असाच मसुदा वर्षानुवर्षे एका फाइलमधून दुसरीत उतरतो, आणि ज्या एका शब्दाने सगळा प्रश्न सुटतो तो त्यात कधीच नसतो. भारत सरकारने मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले. धोरण दिल्लीत आहे, मशिनीत लिनक्स आहे आणि मागणीपत्रात अजून एक्सपीचा जमाना आहे. 'कॅमेरा यूव्हीसी १.१ किंवा त्यापुढील मानकाचा असावा' एवढे एक वाक्य लिहायला कोणत्या समितीची मंजुरी लागते?

दुसरा घोळ खोक्यावरच्या नोंदणी क्रमांकाचा. वेबकॅम भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत. खोक्यावर 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो. अनेक अधिकारी आणि, खेदाने लिहावे लागते, आपले काही सभासदही तो क्रमांक दाखवून "हा प्रमाणित कॅमेरा आहे, चाललाच पाहिजे" असे म्हणतात. ती नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची. कॅमेऱ्याने शॉक बसणार नाही, त्याला आग लागणार नाही, एवढ्यापुरती. तो कोणत्या मशीनवर चित्र देईल याच्याशी तिचा काही संबंध नाही. खोक्यावर 'यूव्हीसी' छापण्याची सक्ती कोणावर नाही, त्यामुळे स्वस्त मालावर ते क्वचितच दिसते. त्यात एकाच नावाच्या, एकाच खोक्यातल्या कॅमेऱ्यांच्या आतली चिप लॉटगणिक बदलते. गेल्या वर्षी चाललेला कॅमेरा यंदा का रुसला, याचे उत्तर पुष्कळदा इतकेच असते.

म्हणून खोक्यावरचे नाव वाचू नका, 'एलएसयूएसबी' या कमांडचे उत्तर वाचा. चार अक्षरे, अपूर्णविराम, चार अक्षरे. लॉजिटेकच्या सी-२७० चा ०४६डी:०८२५ हा जोड ज्यांना पाठ आहे ते आपले खरे मेकॅनिक.

इथवर बाहेरच्यांना बोललो. आता घरच्यांना.

सोलापूरकडच्या एका सभासदाने कळवले की एका क्लासवाल्यांनी एकाच यूएसबी हबवर दोन कॅमेरे लावले. एक फळ्यासाठी, एक चेहऱ्यासाठी. दुसरा चालू करताच संदेश आला : नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. आपल्या गृहस्थांनी काय करावे? हार्ड डिस्क रिकामी केली! कचराकुंडी उपसली, जुने व्हिडिओ उडवले, ४० जीबी जागा केली. संदेश जसाच्या तसा. मग मिंट काढून उबंटू टाकले. तरी तोच. मग पत्र लिहिले.

अहो, जागा डिस्कवर संपलेली नाही, यूएसबीच्या वाटेवर संपली आहे. हिशेब करून पाहा. १२८० बाय ७२०, वायूयूव्ही फॉरमॅट, दर पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला ३० फ्रेम : ५५ एमबीच्या वर जाते. यूएसबी २ वर अशा सलग वाहणाऱ्या मालाला एका कॅमेऱ्यामागे जेमतेम २४ एमबीची वाट मिळते. म्हणून तर कच्च्या फॉरमॅटमध्ये ७२० ला तो कॅमेरा १० फ्रेमवर रांगतो आणि गिऱ्हाईक म्हणते, चित्र अडखळते. एमजेपीईजी निवडा, तोच कॅमेरा ३० फ्रेम देईल. दोन कॅमेरे असतील तर निरनिराळ्या कंट्रोलरवर लावा. डब्याच्या पुढची दोन छिद्रे बहुधा एकाच हबची असतात, एक मागे लावा. तेवढ्यानेही जमले नाही तर यूव्हीसी ड्रायव्हरला बँडविड्थचा क्वर्क द्या, पण तो कच्च्या फॉरमॅटलाच लागू पडतो हे लक्षात ठेवा. ते उडवलेले व्हिडिओ कोणाच्या घरच्या लग्नाचे नव्हते, एवढीच आशा.

दुसरी तक्रार ट्यूबलाइटची. आम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. साताऱ्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो होतो. मुलगा जर्मनीत, दर रविवारी संध्याकाळी कॉल. चित्र येत होते, पण चेहऱ्यावरून काळसर पट्टे वर सरकत होते, जुन्या टीव्हीसारखे. आमच्याआधी येऊन गेलेल्या पोराने "कॅमेरा गेला, नवा घ्या" असा सल्ला देऊन दोनशे रुपये नेले होते. बाईंनी नवा कॅमेरा मागवलाही होता. त्यावरही पट्टे होतेच! चोकवाली जुनी ट्यूब होती. कॅमेऱ्याचे पॉवर लाइन फ्रीक्वेन्सीचे सेटिंग पाहिले तर ६० हर्ट्झ. कारखान्याने ज्या देशाचा विचार केला तिथली वीज. आपल्याकडे ५०. किंमत दोनवरून एक केली आणि पट्टे जागच्या जागी थांबले, मग नाहीसे झाले. बाई म्हणाल्या, "म्हणजे जुना चांगलाच होता तर." जुना त्यांनी भाचीला देऊन टाकला होता. हे सेटिंग कॅमेरा काढून लावला की बहुधा पुसले जाते, तेव्हा यूडेव्हचा नियम लिहून या. नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा फोन. आणि संध्याकाळीच फ्रेम पडतात अशी तक्रार असेल तर अंधारात फ्रेमदर कमी करणारे ऑटो एक्स्पोजरचे सेटिंग बंद करून पाहा, नाहीतर सरळ दिवा चेहऱ्यासमोर आणा.

यादीत दोन कॅमेरे दिसतात म्हणून गोंधळणाऱ्यांसाठी : ४.१६ कर्नलपासून यूव्हीसी कॅमेऱ्याला चित्राच्या नोडसोबत मेटाडेटाचा दुसरा नोड मिळतो. त्याच्यातून चित्र येणार नाही, कधीच येणार नाही. कॅमेरा 'बिझी' म्हणत असेल तर ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये मीट उघडे आहे का ते आधी पाहा. एका वेळी एकच प्रोग्राम चित्र ओढू शकतो. लॅपटॉपवर कॅमेरा 'एलएसयूएसबी'त दिसतच नसेल तर एफ ओळीतली कॅमेऱ्याची कळ दाबा. हसू नका, या एका कळीपायी आमच्या ओळखीच्या एकाने मदरबोर्ड उघडला आहे. आणि परवानगीचा प्रश्न आला की व्हिडिओ नोडवर ७७७ मारणाऱ्यांनी तो हात आवरावा. युजरला व्हिडिओ गटात घाला. प्रोग्राम स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून टाकला असेल तर कॅमेऱ्याची परवानगी तिथे वेगळी द्यावी लागते.

एक मात्र सभासदांचा दोष नाही, तो इंटेलचा आणि लॅपटॉपवाल्यांचा. गेल्या चार-पाच वर्षांतल्या काही महागड्या, पातळ लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीवर नाहीच. तो एमआयपीआयच्या पट्टीने थेट इंटेलच्या आयपीयू६ या चित्रप्रक्रियेच्या युनिटला जोडलेला असतो. तिथे यूव्हीसीचा उपयोग नाही. ड्रायव्हरचा मुख्य भाग कर्नलमध्ये आला तो ६.१० ला, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, आणि चित्र घडवण्याचे उरलेले काम लिबकॅमेरा आणि पाइपवायरच्या गळ्यात आहे. त्यामुळे उलटी गंगा वाहते आहे : दहा वर्षांच्या डब्यावर काही न तपासताही कॅमेरा चालतो, आणि लाखाच्या लॅपटॉपवर डोळा काळा राहतो. असा लॅपटॉप आला तर पैसे ठरवण्याआधी नव्या कर्नलच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर कॅमेरा चालवून बघा. चालला नाही तर गिऱ्हाईकाला तिथेच सांगा आणि बाहेरचा यूएसबी कॅमेरा सुचवा. आधी हो म्हणून मग तीन दिवस मशीन अडकवून ठेवणारे आपल्यातच आहेत. त्यांच्यामुळे लिनक्स नव्हे, आपण बदनाम होतो.

तर आता काम. या महिन्यापासून विकलेल्या प्रत्येक वेबकॅमच्या बिलावर 'यूव्हीसी' हा शब्द आणि एलएसयूएसबीचा जोड लिहायचा. ज्याचा जोड तुम्ही स्वतः पाहिला नाही तो कॅमेरा विकायचा नाही. सरकारी मागणीपत्रात सीडी दिसली की कोरी सीडी शोधत फिरू नका. निविदापूर्व शंकांची मुदत असते, त्या मुदतीत लेखी विचारा की सीडी कोणत्या ड्राइव्हमध्ये घालायची आहे, आणि यूव्हीसीचे वाक्य सुचवा. एकाने विचारले तर फाइलीत जाईल, त्याच निविदेवर पाच-दहा जणांनी विचारले तर मसुदा बदलावा लागेल.

ज्या कमांडचा वर उल्लेख आला त्या इंग्रजी अक्षरांत, जशाच्या तशा, या अंकाच्या शेवटच्या पानावर छापल्या आहेत. ते पान कापून काउंटरच्या काचेखाली ठेवा. आणि तुमच्याकडे चाललेल्या व न चाललेल्या कॅमेऱ्यांचे जोड, कर्नलचा क्रमांक आणि कोणता फॉरमॅट मिळाला ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यांचा तक्ता छापतो. खोक्यांचे फोटो पाठवू नका.