विजेचीही रोजकीर्द हवी

बँकेच्या कामकाजात सायंकाळी रोख शिल्लक जुळल्याखेरीज दिवस संपत नाही. दहा रुपयांचा फरक पडला तरी तो सापडेपर्यंत रोखपाल आणि अधिकारी पुन्हा पुन्हा नोंदी तपासत बसतात. ही शिस्त आपल्या व्यवसायाचा कणा आहे आणि ठेवीदारांचा विश्वास तिच्यावरच उभा आहे. परंतु ज्या वास्तूत हा काटेकोर हिशेब चालतो, त्या वास्तूचा हिशेब मात्र महिन्यातून एकदाच, वीजबिल हाती पडल्यावर होतो. आणि तोही बहुधा बिल मुदतीत भरण्यापुरताच. बिलावर एकूण युनिटचा आकडा असतो. ती युनिटे कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आणि कोणत्या यंत्राने वापरली, याचा उलगडा त्यातून होत नाही. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर येथे अखेरची शिल्लक आहे, पण रोजकीर्द नाही.

इमारतींच्या वीजवापराची माहिती क्लाउडवर, म्हणजे दूरस्थ संगणकांवर एकत्र करून तिचे विश्लेषण करण्याची पद्धत आता जगभर रुजली आहे. तिच्याकडे एक महागडे तांत्रिक कौतुक म्हणून न पाहता हिशेबाची एक पद्धत म्हणून पाहावे, असे मला वाटते. तसे पाहिले तर तिचे सामर्थ्यही कळते आणि मर्यादाही.

बंद दाराआडचा खर्च

एक साधे गणित मांडून पाहू. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. चार रविवार आणि दुसरा व चौथा शनिवार वगळल्यास शाखा २४ दिवस उघडी राहते. साफसफाईपासून दिवसअखेरच्या कामापर्यंत दररोज नऊ तास धरले तरी एकूण २१६ तास होतात. उरलेले ५०४ तास, म्हणजे महिन्याचा सत्तर टक्के काळ, शाखा बंद असते. या काळात सर्व्हर, सुरक्षा कॅमेरे, धोक्याची घंटा आणि एटीएम यांना वीज लागणारच. पण त्यांच्याखेरीज एखादा एसी, पाणी थंड ठेवणारे यंत्र, नामफलकाचे दिवे असा मिळून दोन किलोवॉटचा भार विनाकारण चालू राहिला, असे समजू. महिन्याला १,००८ युनिटे वाया गेली. युनिटमागे दहा रुपये दर गृहीत धरला, तर एका शाखेचे दहा हजार रुपये झाले. अशा एक हजार शाखा धरल्यास दरमहा एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम कोणाच्याही उपयोगी न पडता खर्ची पडते.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपल्या शाखेचे खरे आकडे कोणते, हे आज बहुतेक ठिकाणी कोणालाच सांगता येणार नाही आणि दुखणे नेमके तेथेच आहे. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी जात्यावर रचली असली, तरी ती वीजमीटरलाही तंतोतंत लागू पडते.

शिवाय आता किती वीज वापरली याबरोबरच ती केव्हा वापरली, हेही महत्त्वाचे ठरू लागले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, दहा किलोवॉटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळ्या दरांची तरतूद झाली आहे. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी महाग, असे हे तत्त्व आहे. तासाचा हिशेब ज्याच्याजवळ नाही, त्याला या सवलतीचा लाभ घेता येणार नाही.

यंत्रे काय सांगतात

या व्यवस्थेचे स्वरूप समजण्यास कठीण नाही. मुख्य मीटरच्या पुढे वातानुकूलन, प्रकाशयोजना, लिफ्ट, पंप अशा प्रत्येक विभागाला उपमीटर बसवला जातो. खोलीचे तापमान, हवेतील आर्द्रता, यंत्र चालू आहे की बंद, हे सेन्सर टिपतात. ठरावीक मिनिटांच्या अंतराने या नोंदी इंटरनेटद्वारे दूरस्थ संगणकावर जातात. तेथे त्या वास्तूच्या पूर्वीच्या वापराशी, त्या दिवसाच्या हवामानाशी आणि तशाच इतर वास्तूंशी त्यांची तुलना होते. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांत तफावत पडली, की सूचना मिळते. गाळणी धुळीने बुजली आहे, हवेच्या नळीतील झडप अडकून बसली आहे, तापमापक चुकीचे तापमान दाखवत आहे, कोणीतरी सुट्टीच्या दिवसापुरती बदललेली वेळ तशीच राहून गेली आहे, अशी कारणे त्यातून पुढे येतात. यांतील एकही बिघाड असा नाही, की ज्यामुळे इमारतीचे काम थांबेल. म्हणूनच तो महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. वॉशिंग्टन राज्यात रेडमंड येथे मायक्रोसॉफ्टचे सुमारे पाचशे एकरांचे मुख्यालय असून, कंपनीने २०१३ मध्ये तेथील प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. परिसरातील १२५ इमारतींत निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे बसवलेली होती आणि ती एकमेकांशी ‘बोलत’ नव्हती. ती सारी काढून नवी बसवायची, तर सुमारे सहा कोटी डॉलर खर्च येणार होता. त्याऐवजी जुनी यंत्रे तशीच ठेवून त्यांची माहिती एका ठिकाणी आणण्यात आली. सुमारे तीस हजार उपकरणांतून चोवीस तासांत पन्नास कोटी नोंदी जमा होऊ लागल्या. तेव्हा असे आढळले, की एका वाहनतळातील हवा बाहेर फेकणारे पंखे चुकून वर्षभर चालूच राहिले होते आणि त्यापायी ६६ हजार डॉलरची वीज वाया गेली होती. माहिती-तंत्रज्ञानात जगात अग्रेसर असलेल्या कंपनीच्या अंगणात हे घडत होते. तेथे बुद्धीची वा पैशाची कमतरता नव्हती. रोजच्या ताळमेळाची होती.

आपल्या देशातही असे मोजमाप झाले आहे. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिसने २०११ मध्ये उभारलेल्या एका इमारतीचे दोन समान भाग केले. एका भागात नेहमीचे वातानुकूलन ठेवले आणि दुसऱ्यात काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळ्यांतून थंड पाणी खेळवले. ऊन तेच, माणसांची वर्दळ सारखीच आणि दोन्हींकडे मीटर. दोन वर्षांच्या नोंदींत दुसऱ्या भागाचा वातानुकूलनावरील वीजवापर सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. तुलना कशी करावी, याचा हा वस्तुपाठ म्हणावा लागेल. मे महिन्याचे बिल डिसेंबरच्या बिलाशी ताडून ‘बचत झाली’ असे जाहीर करणे सोपे असते. पण लेखापरीक्षकाने अशा बचतीवर सही करू नये. हवामान, कामाचे दिवस आणि माणसांची संख्या यांचा फरक वजा केल्यावर जे उरते, तीच खरी बचत होय.

लहान शाखांना हे कसे परवडणार?

हा प्रश्न रास्त आहे. मुंबई, दिल्ली वा बेंगळुरूमधील उत्तुंग कार्यालयांत अभियंत्यांची तुकडी असते. तालुक्याच्या गावी भाड्याच्या जागेतील शाखेत ती कोठून असणार? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. तथापि या संहितेचा मुख्य रोख मोठ्या आणि नव्या बांधकामांवर आहे. आपल्या अनेक शाखा मात्र जुन्या इमारतींत आहेत आणि राहणार आहेत.

माझ्या मते क्लाउडची खरी गरज या लहान शाखांनाच आहे. याबाबत आपला स्वतःचा अनुभव आठवावा. कोअर बँकिंग येण्यापूर्वी प्रत्येक शाखेचे खातेपुस्तक स्वतंत्र होते आणि ग्राहक हा त्या एका शाखेचा ग्राहक होता. सर्व खाती एका केंद्राला जोडली गेली आणि तो संपूर्ण बँकेचा ग्राहक झाला. त्यासाठी प्रत्येक शाखेत संगणकतज्ज्ञ नेमावा लागला नाही. तद्वतच, शंभर शाखांच्या मीटरवर एक लहानसा तज्ज्ञ गट एका ठिकाणी बसून लक्ष ठेवू शकतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ पासून कार्यालयीन इमारतींना दिलेल्या तारांकित मानांकनात दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे, हे माप वापरले आहे. हेच माप सारख्या हवामानातील आपल्या शाखांना लावले, तर कोणत्या शाखेकडे प्रथम लक्ष द्यावे, हे एका यादीवरून कळेल. आरंभी तर केवळ मुख्य मीटरच्या तासागणिक नोंदीही पुरेशा ठरतील. रात्री दोनचा आकडा पाहिला, की निम्मी कथा समजते.

आधी माणूस, मग यंत्रणा

असे असले, तरी या व्यवस्थेच्या विक्रेत्यांचा उत्साह मला जसाच्या तसा मान्य नाही. संगणक दोष दाखवतो. तो दूर करण्यासाठी पाना हाती घेणारा माणूस लागतो. रेडमंडचा पंखा सापडला, पण तो कोणाला तरी बंद करावाच लागला. सूचना आली आणि दुरुस्तीच्या आठशे रुपयांसाठी प्रस्ताव विभागीय कार्यालयात तीन आठवडे पडून राहिला, तर त्या सूचनेचे मोल शून्य. म्हणून वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, प्रत्येक सूचनेला एक जबाबदार व्यक्ती, एक मुदत आणि लहान दुरुस्तीपुरता खर्चाचा अधिकार जोडलेला असावा. भाड्याच्या जागेत यंत्र मालकाचे आणि बिल भाडेकरूचे, अशी स्थिती असते. तेव्हा दुरुस्ती कोणी करायची, हे भाडेकरारातच लिहिलेले असावे.

दुसरी, या आकड्यांचा चाबूक करू नये. वीजवापर जास्त म्हणून शाखाधिकाऱ्याकडून खुलासा मागितला जाऊ लागला, की तो सर्वांत सोपा मार्ग पत्करील आणि एसी बंद करील. मग एप्रिलच्या दुपारी निवृत्तिवेतनासाठी आलेले आजी-आजोबा घामाघूम होऊन बाकावर बसतील आणि आलेख मात्र सुंदर दिसेल. ही बचत नव्हे; हा ग्राहकांवर ढकललेला खर्च आहे. एसीचे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे सांगणे आहे आणि १ जानेवारी २०२० पासून तारांकित रूम एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. सोय न घटवता बचत होऊ शकते, हाच त्यातील बोध आहे. अशा बचतीतला काही भाग त्याच शाखेच्या सोयींवर खर्च करण्याची मुभा असावी. म्हणजे बसण्याची व्यवस्था सुधारेल आणि कर्मचाऱ्यांनाही त्यात गोडी वाटेल.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि बँकेसाठी तीच सर्वांत गंभीर. २०१३ मध्ये अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. चोरांनी आत शिरण्यासाठी वापरला होता शीतकरण आणि वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा परवलीचा शब्द. सेन्सरचे जाळे आणि खातेदारांच्या माहितीचे जाळे यांची भिंत अभेद्य असली पाहिजे, याला दुसरा पुरावा नको. शाखेत माणसे केव्हा असतात आणि केव्हा नसतात, ही नोंदही तिजोरीइतकीच जपण्याची वस्तू आहे. माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये दिलेल्या निर्देशांचा आशय हाच आहे, की काम दुसऱ्याकडे सोपवता येते, पण जबाबदारी सोपवता येत नाही. त्याचबरोबर इंटरनेट खंडित झाले तरी वास्तूची यंत्रे जागच्या जागी चालत राहिली पाहिजेत आणि करार संपल्यावर साऱ्या नोंदी बँकेच्या हाती परत आल्या पाहिजेत. दुसऱ्याच्या कुलपात ठेवलेली कीर्द ही आपली कीर्द नव्हे.

ग्राहकांसाठी दोन शब्द

हा विषय केवळ बँकेपुरता नाही. आपल्यापैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचे सचिव असतील, कोणी शीतगृह, रुग्णालय किंवा मंगल कार्यालय चालवीत असतील. या वास्तूंतही पंप, शीतयंत्रे आणि दिवे मुकाट्याने वीज खात असतात. नवी यंत्रे घेण्यासाठी कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी जुन्या यंत्रांची महिनाभराची तासवार नोंद घेऊन पाहावी. कदाचित नव्या यंत्राची गरजच नाही, असे निष्पन्न होईल. कर्ज देणे हा ज्याचा व्यवसाय आहे, अशा संस्थेच्या मासिकात हे लिहिणे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या ग्राहकाला आपला खर्च कोठे होतो हे ठाऊक असते, त्याचा हप्ता सहसा थकत नाही.

वीज वाचवा, ही पाटी आपण वर्षानुवर्षे बटणांच्या वर लावत आलो आहोत. पाटीने सद्भावना जागते, पण हिशेब जुळत नाही. ठेवीदारांच्या पैशातून भरल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटची नोंद त्याच दिवशी कोणीतरी पाहिली पाहिजे आणि चूक दिसल्यास ती सुधारण्याचा अधिकारही त्याच्याकडे असला पाहिजे. रोखीच्या बाबतीत हे आपण कधीच शिकलो आहोत. वास्तूच्या बाबतीत त्याची सुरुवात करण्यासाठी एखाद्या मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आज शाखा बंद करताना आणि उद्या उघडताना मीटरवरचा आकडा एका वहीत टिपून ठेवला, तरी रोजकीर्दीचे पहिले पान लिहून होईल.