एकवीस ग्रॅमचा आत्मा?



‘आत्म्याचे वजन २१ ग्रॅम, हे विज्ञानाने सिद्ध केले’ हे रविवारच्या लेखातील विधान धादांत चुकीचे आहे. डॉ. डंकन मॅकडूगल यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खाटेसकट तराजूवर ठेवलेले मरणासन्न रुग्ण होते अवघे सहा. २१ ग्रॅमची घट एकाच्याच बाबतीत दिसली; दोघांच्या नोंदी त्यांनीच बाद ठरवल्या. मॅकडूगल यांनीच मरताना तोललेल्या १५ कुत्र्यांचे वजन घटले नाही, म्हणून त्यांना आत्मा नाही, हा लेखकाचा निष्कर्षही टिकत नाही. मरताना घाम गेल्यानेही वजन घटू शकते आणि कुत्र्यांना माणसासारखा घाम येत नाही, हा डॉ. ऑगस्टस क्लार्क यांचा तेव्हाचाच आक्षेप लेखकाने सोयीस्करपणे गाळला. आणखी प्रयोग हवेत, असे खुद्द मॅकडूगलही म्हणत होते. श्रद्धा ज्याची त्याची. पण तिच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का हवा असेल, तर प्रयोगशाळेचे नियमही पाळावेत.

– एक वाचक, सातारा