बियाणें आणि अंगठा

व्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींत फार स्वस्त झाला आहे. जळगांवच्या एखाद्या वकिलाच्या दिवाणखान्यांत काय किंवा धुळ्याच्या एखाद्या प्राध्यापकाच्या ओसरीवर काय, चहाचा दुसरा पेला येण्यापूर्वींच सरकारचा अधिकार कोठें संपावा व माणसाचा कोठें सुरू व्हावा याचा निकाल लागलेला असतो. हे वाद आम्हांस अप्रिय नाहींत. ज्या समाजांत असे वाद होत नाहींत तो समाज निजलेला समजावा. परंतु या वादांत एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस आली आहे, आणि ती उघडपणें बोलून दाखविणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. ती अशी, कीं या बैठकींत ज्या व्यक्तीचें स्वातंत्र्य हिरीरीनें रक्षिलें जातें ती व्यक्ति बहुधा त्याच बैठकींत बसलेली असते.

वाद घालणारांचे पक्ष मुख्यतः दोन. एक पक्ष मुक्त व्यापाराचा. सरकारनें बियाण्यांत, खतांत, भावांत हात घालूं नये, शेतकऱ्याला त्याच्या बुद्धीनें चालूं द्यावें, असें तो म्हणतो, आणि कै. शरद जोशी यांनीं शेतकरी संघटनेच्या द्वारें महाराष्ट्रास दिलेली शिकवण तो पुढें करतो. पण सरकारनें माणसाच्या बोटांचे ठसे व डोळ्यांच्या प्रतिमा घेऊन त्यास क्रमांक दिला, कीं हाच पक्ष म्हणतो, "त्यांत काय बिघडलें? चोरी थांबेल." दुसरा पक्ष खाजगीपणाचा. आपल्या भ्रमणध्वनीचा क्रमांक एखाद्या दुकानदारापर्यंत पोंचला तर या पक्षास रात्रभर झोंप येत नाहीं. पण शेतकऱ्यानें कोणतें बी पेरावें याचा निर्णय दिल्लींतील एखाद्या समितीनें करावा यांत त्यास कांहींच खटकत नाहीं. आमचें म्हणणें असें, कीं दोघांनींही सत्याचा अर्धा अर्धा भाग उचलला आहे, आणि जो भाग आपल्या सोयीचा नाहीं तो खानदेशच्या काळ्या मातींत टाकून दिला आहे.

प्रथम कापसाकडे पाहूं. सन १९७१ च्या कायद्यानें व १९७२ पासून अंमलांत आलेल्या एकाधिकार खरेदी योजनेनें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यानें आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकला पाहिजे असें ठरलें. हेतु वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या तावडींतून शेतकऱ्यास सोडवावें, हाच तो हेतु. पण खानदेशचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, शिरपूरहून सेंधवा जवळ, आणि पश्चिमेस सुरतेची वाट. सीमेपलीकडे भाव चढा असला तरी अलीकडच्या शेतकऱ्याची गाडी नाक्यावर अडे. स्वतःच्या शेतांत स्वतःच्या घामानें पिकविलेला माल घेऊन निघालेला माणूस कायद्याच्या भाषेंत तस्कर ठरे. जवळजवळ तीन दशकें हें चाललें. या तीन दशकांत शहरांतील वकिलानें आपला सल्ला कोणत्या जिल्ह्यांत विकावा, किंवा वैद्यानें आपलें औषध कोणत्या राज्यांतील रोग्यास द्यावें, असें कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर वृत्तपत्रांचे रकाने संतापानें भरून गेले असते. कापसाच्या गाडीसाठीं तितका संताप आमच्या वर्गानें खर्च केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

विक्रीची गोष्ट तशी पेरणीची. सन २००१ मध्यें शेजारच्या गुजरातेंत परवानगीवांचून लावलेला बीटी कापूस उघडकीस आला. सरकारी परवानगी २००२ च्या मार्चमध्यें मिळाली. म्हणजे शेतकरी आधीं गेला आणि कायदा धापा टाकीत मागून आला. पुढें तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या वाणास परवानगी मिळेना, तेव्हां १० जून २०१९ रोजीं शेतकरी संघटनेच्या लोकांनीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें तें बी उघडपणें पेरलें. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें या अपराधास पांच वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. बी पेरल्याबद्दल पांच वर्षें!

येथें आमचा गैरसमज होऊं नये. तें बी उत्तम आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी बसणार नाहीं असें एके काळीं सांगण्यांत येई; २०१७ च्या हंगामांत त्याच अळीनें महाराष्ट्रांतील बोंडें पोखरून काढलीं. शिवाय शेजाऱ्याचें शेत ही प्रत्येकाच्या स्वातंत्र्याची हद्द आहे. एकाच्या शेतांतील परागकण किंवा फवारा दुसऱ्याच्या बांधापलीकडे गेला तर त्यास जाब विचारण्याचा अधिकार शेजाऱ्यास हवाच. मुक्त व्यापाराच्या कैवाऱ्यांस आणखी एक आठवण दिली पाहिजे. आपल्याकडे बीटीचा गुण मुख्यतः संकरित वाणांतूनच आला. अशा वाणाचें घरचें बी ठेवून भागत नाहीं, तें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा अधिकार दिला खरा. पण जें बी दुसऱ्या वर्षीं तसें उगवतच नाहीं त्याच्या बाबतींत हा अधिकार म्हणजे कोरड्या विहिरीवरचा हक्क होय. सरकारचा पाश तोडून कंपनीच्या पाशांत मान देणें यास आम्ही स्वातंत्र्य म्हणणार नाहीं. आमचें मागणें इतकेंच, कीं बियाण्याची परीक्षा उघडपणें व वेळेवर व्हावी, तिचें फळ शेतकऱ्याच्या भाषेंत त्याच्यापुढें ठेवावें, फसवणाऱ्याकडून भरपाई घ्यावी. आणि इतकें झाल्यावर काय पेरावें हें ज्याचें शेत त्याला ठरवूं द्यावें.

"पण शेतकरी अडाणी, त्यास निवड काय कळणार?" असा आक्षेप येईल. हा आक्षेप घेणारांनीं एकदां यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून हिंडून यावें. ठिबक सिंचनाची नळी आणि प्रयोगशाळेंत ऊतिसंवर्धनानें वाढविलेलें रोप या दोन्ही गोष्टी जळगांव जिल्ह्याच्या शेतकऱ्यानें कोणाच्या हुकुमावांचून स्वीकारल्या. फायदा दिसला म्हणून स्वीकारल्या. ज्यास थेंबाथेंबाचा हिशोब कळतो त्यास बियाण्याचा कळत नाहीं हें म्हणणें धाडसाचें आहे.

आतां अंगठ्याकडे वळूं. आज देशांतील सव्वाशे कोटींहून अधिक लोकांस जो बारा आंकडी आधार क्रमांक मिळाला आहे, त्याचा आरंभ आपल्या खानदेशांतच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत पहिले क्रमांक देण्यांत आले. १९९८ पर्यंत हा मुलूख धुळें जिल्ह्यांतच मोडत असे. हा क्रमांक घेणें ऐच्छिक आहे, असें तेव्हां सांगितलें गेलें. क्रमांक नाहीं म्हणून कोणाचेंही नुकसान होऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१३ च्या सप्टेंबरांत बजाविलें. पण २०१६ चा कायदा धनविधेयक म्हणून संमत झाला, आणि शासकीय लाभ हवा तर क्रमांक हवा असें ठरलें. २०२५ पासून तर महाराष्ट्रांत शेतीच्या योजनांसाठीं शेतकऱ्यास आणखी एक वेगळा ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तोही आधारशीं व सातबाराशीं जोडलेला. ऐच्छिक गोष्टीची अशी अनिवार्य संतति आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं.

मुक्त व्यापाराचे आमचे मित्र म्हणतात, यानें चोरी थांबते. कांहीं थांबते, हें आम्ही मान्य करतों. खोट्या नांवांवर लाभ उपटणें यानें कठीण होतें. पण यंत्रावर ठेवलेला अंगठा कोण आला एवढेंच सांगतो. तराजूंत किती पडलें हें तो सांगत नाहीं. धान्य कमी मोजणाऱ्या हाताचा ठसा कोणतें यंत्र घेतें? उलट, जी बाई हंगामभर कापूस वेंचते, जी दगड फोडते, तिच्या बोटांवरील रेषा झिजतात. तिच्या श्रमानेंच तिची ओळख पुसली जाते, आणि यंत्र तिला तूं तूं नव्हेस असें सांगतें. २०१८ च्या निकालांत न्यायालयाच्या बहुमतानेंही, ठसा जुळला नाहीं म्हणून पात्र मनुष्य वंचित राहूं नये, अशी काळजी व्यक्त केली आहे. पण निकाल दिल्लींत असतो, आणि यंत्र गांवच्या दुकानांत.

दुसरा आक्षेप याहून मानभावी आहे: "गरिबास खाजगीपणा नको, भाकर हवी." जणूं भाकर खाणारास अब्रू नसते! २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां ही श्रीमंतांची चैन आहे हें म्हणणेंही फेटाळलें गेलें. त्याच निकालांत न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं १९७६ च्या आणीबाणींतील तो निर्णय रद्द ठरविला, ज्यानें नागरिकास आपल्या जिवासाठींही न्यायालयाचें दार बंद केलें होतें, व ज्याच्या बाजूनें त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनीं मत दिलें होतें. पित्याची चूक पुत्रानें सुधारावी यांत महाराष्ट्रास लाज नाहीं, भूषणच आहे. पुढच्या वर्षीं आधारच्या कायद्यावर चारांविरुद्ध एक असा निकाल लागला, त्यांतील तो एक मतही त्यांचेंच होतें.

बोटांच्या ठशांचा प्रश्न आपणांस नवा नाहीं. सन १९०६ मध्यें ट्रान्सवालच्या सरकारनें हिंदी लोकांस दहाही बोटांचे ठसे देऊन नोंद करण्याचें फर्मान काढलें, आणि सत्याग्रहाचा जन्म झाला. १९०८ च्या आरंभीं तडजोड झाली, तेव्हां गांधीजींनीं आपण होऊन ठसे दिले व त्यापायीं स्वकीयांचा मारही खाल्ला. पण सक्तीचा कायदा रद्द होत नाहीं असें दिसतांच, त्याच वर्षीं १६ ऑगस्टला जोहान्सबर्ग येथें दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी झाली. यांतील मर्म आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. विरोध शाईला नव्हता, बोटालाही नव्हता. विरोध सक्तीला होता. जो स्वेच्छेनें दिलेला ठसा तो शिष्टाचार, आणि नाहीं म्हणण्याची सोय न ठेवतां घेतलेला तोच ठसा म्हणजे दास्याची खूण.

बियाण्याचा आणि अंगठ्याचा प्रश्न एकच आहे असें जें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें. बियाण्याच्या बाबतींत खानदेशच्या शेतकऱ्यास होय म्हणण्याची मुभा नाहीं, आणि अंगठ्याच्या बाबतींत नाहीं म्हणण्याची सोय नाहीं. दोन्ही ठिकाणीं त्याच्या वतीनें दुसराच कोणी बोलतो. जो पक्ष पहिल्या अन्यायावर बोलतो तो दुसऱ्याच्या वेळीं मौन धरतो, आणि दुसऱ्यावर बोलणारा पहिल्याच्या वेळीं. स्वातंत्र्याचे असे वाटे करतां येत नाहींत. ज्या सरकारला शेतकऱ्याचें बी ठरविण्याची सवय लागली तें त्याचा अंगठा मागतांना संकोचणार नाहीं. आणि ज्याच्या हातीं सर्वांचे अंगठे आले त्यास उद्यां बियाण्यापासून विक्रीपर्यंत कोणाची गाडी अडवावी हें नाक्यावर जाऊन पाहण्याचेंही कारण उरणार नाहीं.

यंत्रविद्येचे आम्ही शत्रु नव्हे. यंत्र शेतकऱ्याच्या हातीं असेल तर तें त्याचें अवजार. त्याच्यावर रोखलेलें असेल तर तो पहारेकरी. ठिबकची नळी शेतकरी बंद करूं शकतो. रेशनच्या दुकानांतील यंत्र त्यालाच बंद करतें. दोहोंतील भेद ओळखण्यास मोठें पांडित्य लागत नाहीं.

१९३६ च्या डिसेंबरांत याच खानदेशांत, फैजपूर येथें, काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. राजकारणानें शहराबाहेर पाऊल टाकावें ही त्यामागची भावना. आमच्या बैठकींतील स्वातंत्र्यानेंही आतां तेवढेंच पाऊल टाकावें. ज्या घरीं हा अंक जाईल तेथील कर्त्या माणसांस आमची विनंति लहान आहे. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचा ठसा या महिन्यांत जुळला कीं नाहीं हें तिला विचारावें. जुळला नसेल तर तिच्याबरोबर दुकानापर्यंत जावें आणि धान्य कां नाकारलें याचें कारण लेखी मागावें. वाद घालावयाचाच तर तो तेथें उभें राहून घालावा. त्या रांगेंत आपल्याही मताची परीक्षा होईल.