वेदनेवर तार: आधी चाचणी, मग खर्च

हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटते, जखम भरते, पण जांघेतली आग थांबत नाही. पाय गमावलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत कळा येतात. तपासण्या नॉर्मल निघतात आणि घरचे म्हणू लागतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ ते तसे नसते. जखम बरी झाली तरी इजा झालेली नस मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवत राहू शकते.

अशा निवडक रुग्णांसाठी एक उपचार आहे. दुखऱ्या नसेजवळ सुईवाटे बारीक तार बसवून तिच्यातून सौम्य वीजप्रवाह सोडतात. कल्पना जुनी आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले, की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक फाटक असते आणि स्पर्शाचे संदेश वाढले की ते मिटू लागते. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, त्यामागचे इंगित हेच. वॉल आणि स्वीट यांनी १९६७ मध्ये रुग्णांच्या नसांना वीजप्रवाह देऊन वेदना काही काळ थांबवता येते, हे दाखवले.

मात्र हा उपचार प्रत्येक दुखण्याचा नाही. वेदना एका ठरावीक नसेच्या हद्दीत असेल, तरच त्याचा विचार करावा. सर्वांगाच्या दुखण्यात त्याचा भरवसा धरू नये. शिवाय तार सरकते, कधी तुटते, जंतुसंसर्ग होतो. खर्च लाखांत जातो. दागिने गहाण टाकून बसवलेले यंत्र निरुपयोगी ठरले, तर दुखण्याच्या जोडीला कर्ज येते.

म्हणूनच कायमचे यंत्र बसवण्याआधी तात्पुरत्या तारेची चाचणी झालीच पाहिजे. वेदना निम्म्याने तरी कमी व्हावी, असा सर्वसाधारण निकष आहे. तेवढ्यावरही थांबू नये. रुग्ण किती वेळ झोपला, किती चालला, कामावर परतला का, हेही नोंदवावे. चाचणीत फरक पडला नाही, तर ‘नाही’ म्हणण्याचा हक्क रुग्णाचा आहे आणि ते स्पष्ट सांगण्याची जबाबदारी डॉक्टरची.

नसेच्या दुखण्यावरची साधी औषधे, व्यायाम आणि त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारे स्वस्त यंत्र हे उपाय त्याआधीचे. ते नीट मिळावेत, यासाठी जिल्हा रुग्णालयांत वेदना-उपचार केंद्रे हवीत. तारेची गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे तिथेच ठरू शकेल.