जुन्या साड्या आणि हक्काचं घर

मध्यंतरी सोलापुरातल्या एका कॉलेजची मुलं-मुली आमच्या सल्ला केंद्रात आली. म्हणाली, "ताई, मारहाणीमुळे घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी आम्ही मदतफेरी काढतोय. साड्या, भांडी, धान्य गोळा करू. मग वाटपाचा कार्यक्रम करू, फोटो काढू."

पोरांचा उत्साह पाहून बरं वाटलं. फोटोचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. जी बाई नवऱ्यापासून पत्ता लपवून राहतेय, तिचा फोटो छापून आला तर? आणि तसा धोका नसला, तरी साडीच्या बदल्यात तिनं आपलं दुःख चारचौघांत का मांडायचं?

मी त्यांना विचारलं, "बाई रात्री घराबाहेर पडते, तेव्हा तिच्याजवळ काय असतं?" कडेवर मूल आणि अंगावरचे कपडे. मागे राहतं रेशनकार्ड, आधारकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले. आपल्या पूर्व भागातली विडी कामगार असेल तर तिचं कारखान्याचं कार्डही घरातच राहतं. हजार विड्यांमागे मजुरी मिळवणारी ती बाई एका रात्रीत बेघर होते आणि बेकारही होते. तिला लागतं रिक्षाचं भाडं, खोलीचं डिपॉझिट, कागदपत्रं पुन्हा काढण्याचा खर्च, आतले नवे कपडे, मुलांच्या वह्या. जुन्या साड्यांचे ढीग संस्थांच्या कपाटात पडून असतात. रोख पाचशे रुपये मात्र वेळेला सापडत नाहीत. म्हणून गोळा करण्याआधी संस्थेत जाऊन विचारा, कशाची गरज आहे.

मदत गोळा करण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं मुष्टिफंडावर चालली. गरिबाघरच्या बाईनंही दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढलं. त्या मुठीत उपकाराची भावना नव्हती. ही आपलीच पोरं आहेत, असं त्यात होतं. आपल्या मदतफेरीत ही भावना आहे का, हे तपासायला हवं.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. मार खाल्ला तिनं, मग घरही तिनंच का सोडायचं? १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. तिथं जमलेल्या बायकांना कुणाची दया नको होती, हक्क हवे होते. चळवळीनं वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा कुठे २००५ साली कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर नवऱ्याच्या नावावर असो वा नसो, त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क या कायद्यानं बाईला दिला. तिला बाहेर काढता येत नाही. उलट न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर जायचा आदेश देऊ शकतात. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. आपण नुसतंच निवाऱ्यासाठी धान्य गोळा करत राहिलो, तर बाईनं घर सोडणं हीच रीत आहे, असं आपणच मान्य केल्यासारखं होईल.

म्हणून मी मुलांना म्हटलं, डबा घेऊन दारोदार जाताच आहात, तर हातात एक चिठ्ठीही ठेवा. ज्या दारात मदत मागाल, त्याच दाराआड मार खाणारी एखादी असेल. चिठ्ठीवर १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर लिहा. संरक्षण अधिकारी कुठे बसतात, ते लिहा. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेही लिहा. आणि ती चिठ्ठी एकट्या मराठीत नको. आपलं सोलापूर तेलुगू बोलतं, कानडी बोलतं, उर्दू बोलतं. तुमच्या वर्गात या सगळ्या भाषांची मुलं आहेत. पोलीस ठाण्यात, कोर्टात बाईसोबत जाऊन तिचं म्हणणं तिच्या भाषेत मांडायला मदत केलीत, तर ते कुठल्याही देणगीहून मोठं आहे. मुलग्यांनी तर आपल्या गल्लीतल्या कट्ट्यावर जाऊन पुरुषांशी बोलावं. डबा फिरवण्यापेक्षा ते कठीण आहे, हे मला माहीत आहे.

मुलांनी फोटोचा बेत सोडला. वाटपाचा कार्यक्रमही रद्द केला. एक मुलगा जरा नाराज दिसला: "मग लोकांना कळणार कसं?" त्याचं चुकलं असं नाही. हिशेब लोकांना कळायलाच हवा. किती जमलं, कशावर खर्च झालं, ते कॉलेजच्या फलकावर लावा. बाईचं नाव मात्र कुठंही नको.

मैत्रिणींनो, अशी मुलं तुमच्याकडेही येत असतील. त्यांना परत पाठवू नका आणि नुसती पावती देऊनही मोकळ्या होऊ नका. साडी द्यायला आलेल्या मुलांना बाईच्या हक्कापर्यंत नेणं हे आपलं काम आहे. तुमचे अनुभव जरूर लिहून कळवा.